बेलभंडारा आणि दोन सह्या

सोलापुरात मंगळवार पेठेच्या अंगाला धनगरांची जी वस्ती होती, तिथं एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की घरचे दोघांना घाबरत. एक यमाला आणि दुसरं काशम्माला. यम निदान गुपचूप येई. काशम्मा दिवसाढवळ्या कडी वाजवून येई, उंबऱ्याच्या आत बसकण मारी, ताप किती, पोटात काय जातंय, वैद्य कोण, अशी रीतसर चौकशी करी आणि मग सगळ्यांच्या देखत विचारी, "लिवून ठिवलं का?"

जित्या माणसाला मरणाचा कागद मागायचा म्हणजे काय! बायका तिच्या नावानं बोटं मोडत. एका म्हाताऱ्यानं तर पडल्या पडल्या तिच्यावर वहाण भिरकावली. नेम चुकला, पण त्या संतापानं त्याला असा घाम फुटला की ताप उतरला आणि तो आठवड्यात उठून बसला. काशम्मा पुन्हा त्याच्या दारात हजर. म्हणाली, "बरं झालं. आता बसता येतंय, तर लिवा."

अशी ही बाई. उंच, काळीसावळी, कपाळ रिकामं, हातांना चिंचोक्याच्या खळीचा वास. घोंगडी मागावरून उतरली की तिला चिंचोके शिजवून केलेली खळ लावतात, म्हणजे ती कडक होते आणि पाणी धरत नाही. ही खळ लावण्यात काशम्माचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग आला की तिची मराठी सुटायची आणि कानडी सुरू व्हायची. समोरच्याला शब्द कळले नाहीत तरी अर्थ बरोबर पोचायचा.

ती जन्माची अशी नव्हती. लग्न होऊन बिरप्पाच्या घरात आली तेव्हा मान वर करून बोलत नसे. नवरा सन अठराच्या मानमोडीच्या साथीत गेला, मूलबाळ नव्हतं. अशा सुनेला गाडीत घालून माहेरी पोचवायची, ही तेव्हाची सरधोपट रीत. बिरप्पानं ती मोडली. तो घोंगड्यांचा कारागीर आणि व्यापारीही. वाडवडिलांकडून त्याला एक काठी आणि चार मेंढरं मिळालेली, बाकी घर, माग, गिऱ्हाईक सगळं त्यानं स्वतःच्या अंगमेहनतीनं उभं केलेलं. त्यानं सुनेला पुढच्या खोलीत बसवलं. ही खोली रस्त्यावर उघडायची. आत खड्ड्यात पाय सोडून चालवायचा माग, दाराशी आडव्या बांबूवर टांगलेल्या घोंगड्या. मोहोळचे, अक्कलकोटचे शेतकरी बाजाराला आले की तिथंच थांबत. दहा वर्षांत गिऱ्हाईक बिरप्पाचं नाव विसरलं आणि काशम्माची खोली म्हणू लागलं. बिरप्पाला याचा राग नव्हता, उलट तो ते कौतुकानं सांगत फिरे.

बिरप्पाचा धाकटा मुलगा मायाप्पा. काशम्मा सून म्हणून आली तेव्हा तो एवढासा होता. त्याला तिनं न्हाऊ घातलं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या. माणूस वाईट नव्हता. फुकट हाती आलेलं परत करण्याइतका चांगलाही नव्हता, एवढंच.

आता त्या वस्तीचा एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धनगराचा कर्ता माणूस जायला टेकला की पाच जाणत्यांना बोलावत. त्याच्या तळहातावर बेलाचं पान आणि बिरोबाचा भंडारा, म्हणजे हळद, ठेवत. ती मूठ धरून तो बोलायचा, कुणाला काय द्यायचं ते. मग ज्याला दिलं त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा. झालं मृत्युपत्र. लिहिणं नाही, वाचणं नाही. कागद मागणं म्हणजे त्या पाच जणांच्या इमानावर थुंकणं. आणि हा काही अडाणीपणा नव्हता बरं का. रामहरीतात्या हे त्या पाचांतले मुख्य. जुन्या काळी अशाच एका शब्दासाठी ते कोर्टात उभे राहिले होते आणि साहेबानं त्यांच्या तोंडच्या साक्षीवर शेत ज्याचं त्याला देववलं होतं. तेव्हापासून पेठेत मरणारा प्रत्येक जण "तात्यास्नी बोलवा" म्हणूनच डोळे मिटायचा.

बिरप्पा गेला सन अठ्ठावीसच्या जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठता उठता. पाच जाणते बसले. मुठीत बेलभंडारा धरून तो स्वच्छ आवाजात बोलला, "पुढची खोली काशीची. तितला माग, बांबू, समदं तिचं. मागचं घर मायाप्पाचं." मायाप्पानं हात जोडून "व्हय आप्पा" म्हटलं. काशम्माच्या कपाळावर भंडारा लागला. तिनं तो दोन दिवस पुसला नाही.

पुढं मायाप्पाची पहिली बायको वारली, त्यानं मोहोळची विजयमाला करून आणली, आणि त्याच सुमारास कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या कुणा शहाण्यानं त्याच्या कानात फुंकर घातली की तोंडच्या शब्दाला आता काडीची किंमत नाही. एक दिवस काशम्मा तळ्यावरून घोंगड्या धुऊन आली, तर पुढच्या खोलीला कुलूप. मायाप्पा म्हणाला, "वैनी, मागं राहा की. दोन वेळचं जेवा. खोली मी भाड्यानं दिली." खोलीत शेंगदाण्याच्या तेलाचे डबे आले.

काशम्मा त्याच दिवशी घराबाहेर पडली आणि तिनं फिर्याद केली. यज्ञेश्वर वकिलांनी काम घेतलं. कोर्टात पाचही जाणते खरं बोलले. आणि गंमत अशी, की मायाप्पाही खरं बोलला. भंडाऱ्याची भीती त्याला होतीच. "आप्पा असं बोलले का?" विचारल्यावर तो खाली बघून म्हणाला, "व्हय, बोलले." काशम्माला वाटलं, जिंकले. मागं बसलेल्या बायकांनी एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारल्या.

सन तीसचा मार्शल लॉ उठल्यानंतरच्या पावसाळ्यात निकाल लागला. खोली मायाप्पाची. काशम्माला पोटगी.

कोर्टाच्या पायरीवर तिनं वकिलांना धरलं. "समदे खरं बोलले. त्योबी बोलला. मग मी हरले कशी?"

यज्ञेश्वर वकील मुळात भिडस्त माणूस. पगडी काढून ते तिथंच पायरीवर टेकले. "बाई, ते बोलले याबद्दल कोर्टाला शंकाच नाही. पण हिंदूंच्या मृत्युपत्राचा कायदा बदलला. सत्तावीस सालच्या पहिल्या जानेवारीपासून तोंडी मृत्युपत्र चालत नाही. लिहिलेलं हवं, त्यावर देणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, आणि तो करताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. तुमचे सासरे सव्वा वर्ष आधी हेच बोलले असते, तर खोली तुमची होती."

"आमाला कुणी सांगितलं ह्ये?"

"कुणीच नाही. कायदा तिकडं दिल्लीत झाला. पेठेत येऊन सांगायचं काम कुणाचं, हे त्यात लिहिलेलं नाही."

काशम्मानं पदर खोचला. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं; असेल तर ते वकिलांना दिसलं नाही. मग तिनं विचारलं, "स्टांपाचा कागद लागतो का?"

"नाही. साधा चालतो."

"साक्षीदार बाई चालंल?"

"चालेल."

"अंगठ्याचा साक्षीदार?"

"त्यावर वाद घालणारे निघतात. सही येणारा असावा, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "सांगायचं काम माजं."

त्या दिवसापासून ती पेठेला छळू लागली. पोटगी तिनं घेतली नाही. खोलीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं, एका पडक्या भिंतीशी तिनं पथारी टाकली आणि दुसऱ्यांच्या मागावरच्या घोंगड्या आणून तिथंच विकायला बसली. डोळ्यांसमोर दिवसभर ती खोली आणि तेलाचे डबे. लोक म्हणत, दुसरीकडं बस, जिवाला तेवढीच शांती. तिला शांती नको होती, तिला खोली हवी होती. उन्हाळ्यात भिंत तापायची, पावसात लोकर भिजायची, पण जागा बदलली नाही. बांबू नव्हता म्हणून घोंगड्या खांद्यावर टाकून उभी राहायची. जुनं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिच्याकडंच यायचं, आणि तेलवाल्याला ते बघवत नसे.

तिचा पहिला बळी म्हणजे रामहरीतात्या. निकालानं म्हातारा पार खचला होता. कुणी भेटलं की विचारायचा, "म्या खोटं बोललो का रं?" काशम्मानं त्याला सांत्वनाचा एक शब्द ऐकवला नाही. कोळशाचा तुकडा त्याच्या हातात दिला आणि भिंतीकडं बोट केलं. "तात्या, सही शिका."

"ह्या वयात? माजी बोटं कातर धरून वाकडी झाली."

"वाकडी सहीबी सहीच असती."

चिडत, शिव्या घालत, त्या भिंतीवर रामहरीतात्यांनी आपलं नाव गिरवलं. वर्ष गेलं, पण आलं. 'ह'चं पोट जरा जास्तच सुटायचं, काशम्मा म्हणे, ते बिगीनं जेवणाऱ्याचं लक्षण. मग मात्र दोघं मिळून दारोदार जाऊ लागले, आणि वस्तीची कंबख्ती दुप्पट झाली.

सन पस्तीसच्या चैत्रात मायाप्पाला कावीळ झाली. ती उतरेना. झाडपाला झाला, अक्कलकोटच्या समाधीचा अंगारा झाला, सिव्हिलच्या डॉक्टरांनीही मान हलवली. एका दुपारी निरोप आला: वैनीला बोलवा.

काशम्मा रस्ता ओलांडून गेली. त्या घरात तिनं पाय ठेवल्याला सात वर्षं होत आली होती. मायाप्पा हळदीसारखा पिवळा झाला होता, छातीच्या फासळ्या वर आलेल्या. पाच जाणते भिंतीला टेकून बसले होते. आतल्या दारात विजयमाला, कडेवर तीन वर्षांची पोर. काशम्माला एकाएकी तो लहानपणीचा मायाप्पा दिसला, न्हाताना डोळे घट्ट मिटणारा. सगळा राग आपल्याजवळ आहे ना, हे तिला चाचपून बघावं लागलं.

"वैनी," तो म्हणाला, "माज्याकडनं पाप झालं. आप्पा सपनात येत्यात. तुमची खोली तुमाला." आणि त्यानं हात पुढं केला. कुणीतरी त्यावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. मूठ मिटून तो बोलला, "पुढची खोली वैनीची. जसं आप्पांनी दिलं तसंच."

म्हातारे ढसाढसा रडले. सात वर्षांचा काटा निघाला म्हणून सगळ्यांचे जीव हलके झाले. मायाप्पानं भंडाऱ्याची बोटं काशम्माच्या कपाळाकडं नेली.

काशम्मानं डोकं मागं घेतलं.

"हात खाली करा, भावजी. आदी कागद."

म्हाताऱ्यांनी डोळे पुसणं थांबवलं. मग एकदम सगळे बोलू लागले. एक म्हातारा उठून उभा राहिला. "काय बाई म्हणावं का हडळ? मरणाच्या दारात माणूस पाया पडतोय, आन् तू कागद मागतीस? आमी पाच जण काय मुकं हाय?"

"तुमी पाच जण तवाबी व्हता," काशम्मा म्हणाली. तिनं हात पदरात गुंडाळले.

मायाप्पाच्या पिवळ्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्या शब्दावर भरवसा न्हाय, वैनी?"

"मामंजींचा शब्द तुमच्याहून मोठा व्हता. टिकला न्हाय. तुमी खोटं बोलत न्हाई, ह्ये मला ठावं हाय. पण उद्या तुमी नसाल, आन् मला पुन्ना कोर्टाच्या पायरीवर बसायचं न्हाय."

तिला स्वतःचीच लाज वाटत होती. मरणाऱ्यापुढं असं बोलणारी बाई तिनंही कधी पाहिली नव्हती. पण ती हटली नाही. म्हातारे एकेक करून उठले. आमच्या कानांवर विश्वास नसेल तर आमचं इथं काय काम, म्हणत बाहेर पडले. रामहरीतात्या तेवढे राहिले. म्हणजे एक साक्षीदार झाला. दुसरा नव्हता, आणि लिहिणारंही कुणी नव्हतं. वकिलांना आणायचं तर ते बार्शीच्या कामावर गेलेले, आणि मायाप्पाचा श्वास असा चालला होता की संध्याकाळचा भरवसा वाटेना.

काशम्मानं आतल्या दाराकडं बघितलं. विजयमाला मोहोळच्या शाळेत चार इयत्ता शिकली होती, हे पेठेला ठाऊक होतं. पण खोली जायची ती तिचीच. नवऱ्यामागं घर तिचं होणार, आणि तेलवाल्याचं भाडं हाच तिचा आणि पोरीचा आधार.

काशम्मा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. गोड बोलणं तिला येत नव्हतं. "इजयमाला, मी काय मागते ते तुला कळतंय. तू न्हाय म्हणलीस तर मी तुला दोष देणार न्हाय. पर आज तोंडानं व्हय म्हणून उद्या फिरू नगंस."

विजयमालेनं कडेवरची पोर खाली ठेवली. चेहरा रडून सुजलेला होता, पण आवाज धड होता. "आक्का, मी फिरंनच," ती म्हणाली. "ह्ये गेल्यावर पोरीच्या तोंडाकडं बगून मी फिरंन. मला मी ठावं हाय. आज ह्यांच्याकडं बगून लाज वाटती. लाज हाय तवर लिवते."

तिनं फळीवरून दौत-टाक काढला. मायाप्पा तुटक तुटक सांगत गेला, ती लिहीत गेली. घर कुठलं, खोली कुठली, कुणाला दिली. लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनंच दिव्याची काजळी तेलात कालवून दिली आणि मायाप्पानं अंगठा उठवला, काशम्मानं त्याला हात लावला नाही, दूर उभी राहिली. मग रामहरीतात्या गुडघ्यावर कागद घेऊन बसले आणि जीभ दातात धरून त्यांनी आपलं नाव काढलं. त्याखाली विजयमालेनं सही केली.

शाई वाळल्यावर काशम्मा खाली बसली आणि डोकं पुढं केलं. "आता लावा, भावजी." मायाप्पाच्या हातात जोर नव्हता. भंडारा निम्मा तिच्या कपाळावर आणि निम्मा पदरावर सांडला. ती त्याच्या उशाशी बसून राहिली आणि मग खूप रडली, इतकी की रामहरीतात्यांनाच तिला गप्प करावं लागलं.

मायाप्पा तिसऱ्या दिवशी गेला.

तेराव्याला विजयमालेचे दोन भाऊ मोहोळहून आले होते. जेवणं उरकल्यावर थोरल्यानं विषय काढला, तोही काशम्मा पाट उचलत होती तेव्हा, तिला ऐकू जाईल असा. "ताई, तो कागद काय टिकायचा न्हाय. दाजींना शुद्ध नव्हती, असं सांग. त्या काशम्मानं हात धरून ठसा उठवला, असं सांग. साक्षीदार तूच की. तू न्हाय म्हणलीस की उरला एक म्हातारा. खोली तुजी. पोरीचं बग."

काशम्माच्या हातातला पाट तसाच राहिला. पाच वर्षं ती दारोदार सांगत आली होती की बोलणं उडून जातं, कागद राहतो. आता तिला दिसलं की तो कागदसुद्धा एका बाईच्या जिभेवर टेकलेला आहे. त्या क्षणी तिला एवढी भीती वाटली, जेवढी कोर्टात वाटली नव्हती.  

विजयमाला मांडीवरच्या पोरीचे केस बोटानं मोकळे करत होती. बराच वेळ करत राहिली. भावाला वाटलं, तयार झाली.

"दादा, मला खोली पायजे," ती म्हणाली. "काल राती ह्येच मनात व्हतं. तुमी येणार, ह्येच सांगणार, आन् मला त्ये पटणार, ह्ये मला त्या दिवशीच ठावं व्हतं. म्हणून तर म्या माज्या हातानं लिवलं."

"अगं, पर..."

"अक्षर माजं हाय. ते शुद्धीत व्हते. ठसा त्यांचा त्यांनी उठवला. कोर्टात इचारा, देवळात इचारा, मी ह्येच सांगीन. आता दुसरं सांगायला माज्याकडं जागाच न्हाय."

धाकटा भाऊ वहाणा शोधू लागला. थोरला उठला, फेटा झटकला, आणि जाताना म्हणाला की मग मागच्या घराचं तरी आम्ही बघतो, बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं, कागदपत्रं आमच्याकडं दे. विजयमालेनं मान खाली घातली. एवढ्या भांडणानंतर भावाला आणखी एकदा नाही म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि ती पेटीकडं निघालीही.

काशम्मानं पाट भिंतीला उभा केला आणि पेटीवर जाऊन बसली.

"जावा तुमी, मोहोळची गाडी चुकंल," ती त्या भावांना म्हणाली. मग विजयमालेकडं वळली. "पोरीला भरव आन् तूबी दोन घास खा. आज माजी खोली मागत्यात, उद्या तुजं घर मागतील. सकाळी वकिलाकडं जायाचं हाय. आदी घराला तुजं नाव लावून घिऊ."